स्केटिंग, मनगट आणि टाचेमागचा ब्रेक

माझे डावे मनगट थंडीत अजूनही आखडते. इनलाइन स्केट्सवर, म्हणजे एका रांगेत चाके लावलेल्या बुटांवर, बऱ्यापैकी वेग घेता येऊ लागला होता, त्या दिवसांत एका सपाट, मोकळ्या रस्त्यावर बोराएवढा खडा पुढच्या चाकाखाली आला आणि मी तोंडघशी पडले. डोक्यावर हेल्मेट होते, गुडघ्यांवर पॅड होते; रिस्ट गार्ड, म्हणजे मनगटाला जपणारे पट्टे, मात्र हातांना घाम येतो म्हणून काढून पिशवीत ठेवले होते. मनगटाजवळचे हाड मोडले आणि पुढचे सहा आठवडे हात प्लॅस्टरमध्ये राहिला.

पडताना हात पुढे करणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, ती ठरवून थांबवता येत नाही. तळहात जमिनीवर आपटतो, मनगट मागे मुडपते आणि धावत्या शरीराचा सगळा भार अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर येतो. रिस्ट गार्डमधील कडक पट्टी मनगटाला मागे मुडपू देत नाही, शिवाय तिचा गुळगुळीत पृष्ठभाग रस्त्यावरून घसरत जातो आणि आघाताचा बराचसा जोर त्या घसरण्यात खर्च होतो. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्केटिंग करताना जखमी होऊन रुग्णालयात आलेल्यांपैकी जवळजवळ एकतृतीयांश लोकांच्या मनगटालाच इजा झालेली आढळली, आणि रिस्ट गार्ड न वापरणाऱ्यांमध्ये ही इजा होण्याची शक्यता सुमारे दहापट दिसली. म्हणूनच माझ्या मते हेल्मेटखालोखाल सर्वांत महत्त्वाचे साधन हेच आहे, जरी बहुतेक जण सर्वांत आधी तेच काढून ठेवत असले तरी.

साधने चढवली की मऊ गवतावर पडण्याचा सराव करावा. तोल जातो आहे असे वाटताच खाली बसावे, गुडघ्यांचे पॅड आधी टेकवावेत, मग कोपरांचे, आणि शेवटी बोटे वर उचलून तळहात. मागे पडणे अधिक वाईट, कारण माकडहाड आणि डोक्याची मागची बाजू यांना आधार देणारे तिथे काहीच नसते. यासाठी गुडघे कायम वाकलेले आणि हात नजरेसमोर ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

चाके लावलेल्या बुटांच्या इतिहासातील सर्वांत जुन्या गोष्टींपैकी एक गोष्ट न थांबता येण्याचीच आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन जोसेफ मर्लिन नावाचा कल्पक कारागीर असे बूट घालून व्हायोलिन वाजवत एका मेजवानीत शिरला आणि वेग आवरता न आल्यामुळे मोठ्या आरशावर जाऊन आदळला, असे सांगतात. आज नवशिक्यांच्या स्केट्सना बहुधा उजव्या टाचेमागे रबरी ब्रेक असतो, तरीही तो नवखेपणाची खूण वाटतो म्हणून अनेक जण काढून टाकतात, आणि ही गोष्ट मला फार खटकते. ब्रेकचा पाय थोडा पुढे सरकवावा, खुर्चीवर बसल्यासारखे खाली यावे आणि त्याच पायाचा चवडा उचलावा. टाच आपसूक दाबली जाते. मागचा पाय आडवा धरून घासत थांबण्याची टी-स्टॉप ही पद्धतही उपयोगी आहे, परंतु तिला एका पायावर पक्का तोल लागतो आणि चाके एका बाजूने झिजतात, म्हणून ती नंतर शिकावी.

उताराबद्दल मात्र कोणतीही तडजोड करू नये. वेग दुप्पट झाला की तेवढ्याच ब्रेकने थांबायला चौपट अंतर लागते, त्यामुळे ‘खाली गेल्यावर बघू’ हा विचार उतारावर चालत नाही. मी अनोळखी उतार आधी चालत उतरून पाहते: शेवटी वळण आहे का, रेती साचली आहे का, वाहनांचा रस्ता आडवा येतो का. त्यानंतरही ब्रेक अगदी माथ्यापासून हलका दाबून ठेवते. पावसानंतर तर जातच नाही, कारण ओल्या रस्त्यावर, विशेषतः रंगवलेल्या पट्ट्यांवर, पॉलियुरेथेनची चाके पकड सोडतात.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे अंतरावर आडवे बसायला हवे, आणि एकदा जोराचा आघात झाला की ते बदलायला हवे. आतला फोम दबलेला असतो, जरी बाहेरून काही दिसत नसले तरी. चाकांचे बोल्ट आणि ब्रेकचे रबर निघण्यापूर्वी तपासावे.

रस्त्यावर जाण्यापूर्वी मी जमिनीवर खडूने एक रेघ ओढते आणि मध्यम वेगाने येऊन तिच्या अलीकडे तीन वेळा थांबून पाहते. तिसऱ्यांदाही रेघ ओलांडली गेली, तर त्या दिवशी मी सपाट मैदानाबाहेर पडत नाही.