लबक, टेक्सस: कापसाच्या गावात कॉलेजचं बेसबॉल

टेक्ससला जाणारे लोक ह्यूस्टन करतात, डॅलस करतात, लबकला मुद्दाम कोणी जात नाही. आम्ही गेलो कारण भाचा तिथे टेक्सस टेक युनिव्हर्सिटीत एमएस करतोय आणि आम्ही पडलो यवतमाळचे, तो फोनवर सारखा सांगायचा की मावशी इथे पण सगळा कापूसच आहे, एकदा येऊन तर बघ. डॅलसहून विमानानं तासभर, खाली सपाट म्हणजे इतकी सपाट जमीन की नजर कुठे अडतच नाही. एप्रिल होता, पेरणी व्हायची होती, शेतं उघडी पडलेली आणि माती आपल्यासारखी काळी नाही, तांबूस, वारा सुटला की थेट दाताखाली. आमचे हे म्हणाले, "धूळच खायची होती तर यवतमाळात काय कमी होती?" रस्त्याच्या कडेला मात्र गेल्या हंगामातला कापूस गवतात अडकलेला दिसला आणि जिनिंगपण दिसल्या, तेवढ्यानं बरं वाटलं. इथे वेचणीला माणूस नाही, सगळं मशीनवर, दोन्हीकडे क्षितिजापर्यंत शेत आणि माणूस एक दिसत नाही हे मला काही पचलं नाही.

शनिवारी भाचा कॅम्पसमधल्या डॅन लॉ फील्डवर मॅच बघायला घेऊन गेला. आम्हाला बेसबॉलचं ओ की ठो माहीत नाही. पहिली गोष्ट जाणवली ती आवाज, कॉलेजमध्ये बॅट अ‍ॅल्युमिनियमची असते, बॉल लागला की टिंग वाजतं, प्रोफेशनलला लाकडी बॅट लागते. सगळं स्टेडियम लाल-काळं, लोक दोन बोटांचं पिस्तूल करून "गन्स अप" करतायत, पोरंटोरं, आजीआजोबा, नाचोज, हॉटडॉग, आणि खेळाडू अखंड सूर्यफुलाच्या बिया चघळून थुंकत असतात, ते मात्र किळसवाणं वाटलं.

शेजारी लाल टोपीवाले एक आजोबा बसले होते. आम्ही नवखे आहोत हे ओळखून त्यांनी समजवायला सुरुवात केली आणि दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या (बॅट्समनला पळत गाठायचे थांबे) मधे उभा राहून फील्डिंग करतो तो शॉर्टस्टॉप, इथपर्यंत आल्यावर ते ब्रुक्स वॉलेसकडे वळले आणि मग मॅच बाजूलाच राहिली. हा टेक्सस टेकचा शॉर्टस्टॉप, 1977 ते 1980 इथे खेळला. पुढे टेक्सस रेंजर्स या प्रोफेशनल क्लबच्या खालच्या टीम्समध्ये थोडा काळ होता, मेजर लीगपर्यंत, म्हणजे सगळ्यात वरच्या पातळीपर्यंत, काही पोचला नाही, परत इथेच येऊन कोचिंग करायला लागला. आणि मग ल्युकेमिया. 1985 च्या मार्चमध्ये गेला, वय 27.

लबकमध्येच कॉलेज बेसबॉल फाउंडेशन नावाची ना-नफा संस्था उभी राहिली, तिनं 2004 पासून ब्रुक्स वॉलेसच्या नावानं पुरस्कार सुरू केला. सुरुवातीला तो देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळायचा, 2008 ला पुढे मेजर लीग गाजवणाऱ्या बस्टर पोझीला मिळाला, ज्यानं त्याच सीझनला एका मॅचमध्ये फील्डिंगच्या नऊच्या नऊ जागांवर खेळून दाखवलं होतं. नंतर तो फक्त शॉर्टस्टॉपसाठी ठेवला. म्हणजे पुढे करोडो डॉलर कमावणारी पोरं जो पुरस्कार हातात घेऊन उभी राहतात त्यावर नाव कोणाचं, तर मेजर लीगची एकही मॅच न खेळलेल्याचं. मला हे फारच आवडलं. आपल्याकडे मुंबईचे स्पिनर पद्माकर शिवलकर 589 विकेट्स काढून टेस्ट न खेळता राहिले, तर आपण अजून हळहळतोच आहोत.

याच संस्थेचं नॅशनल कॉलेज बेसबॉल हॉल ऑफ फेम, म्हणजे कॉलेज गाजवलेल्यांची मानाची यादी, पहिली तुकडी 2006 ची. त्यात पुढे बॅटिंगसाठी गाजलेला डेव्ह विनफिल्ड आहे जो मिनेसोटा युनिव्हर्सिटीत चक्क पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, होता आणि ज्याला बेसबॉल, बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉल तिन्ही खेळांतल्या टीम्सनी निवडलं होतं, रॉबिन व्हेंचुरा आहे ज्यानं 1987 ला ओक्लाहोमा स्टेटकडून सलग 58 मॅचमध्ये हिट मारली (बॉल मारून सुखरूप बेस गाठला की हिट). आणि त्यांच्याच रांगेत ब्रुक्स कीशनिक, ज्याचं प्रोफेशनल करिअर बेताचंच, पण युनिव्हर्सिटी ऑफ टेक्ससकडून कॉलेजला खेळताना तो बापमाणूस होता. इथे हिशोब फक्त कॉलेजचा, पुढे काय केलंस हे कोणी विचारत नाही.

पिचिंग आणि बॅटिंग दोन्ही करणाऱ्या खेळाडूसाठी संस्थेचा जॉन ओलेरुड पुरस्कार आहे. हा ओलेरुड 1988 ला वॉशिंग्टन स्टेटकडून पिचर म्हणून 15 मॅच जिंकला, एकही हरला नाही, वर बॅटिंगला .464, म्हणजे शंभरात साधारण 46 वेळा हिट. पुढच्याच जानेवारीत मेंदूत रक्तस्राव, ऑपरेशन, आणि त्यानंतर आयुष्यभर फील्डिंगलाही हेल्मेट घालून खेळला. आजोबांनी हे सांगितल्यावर ह्यांनी पहिल्यांदा मोबाईल खिशात ठेवला.

मी लगेच विचारलं मग उद्या म्युझियम बघू या की! तर भाचा म्हणाला, "मावशी, संस्था इथली, पण म्युझियमची मोठी इमारत लबकला झालीच नाही, हॉल ऑफ फेम पुढे कॅन्ससकडे गेलं." जरा हिरमोडच झाला. त्याऐवजी बडी हॉली सेंटर बघितलं, रॉक अँड रोलवाला बडी हॉली लबकचाच, बाहेर त्याच्या काळ्या चष्म्याचं भलंमोठं शिल्प आहे, फोटोला छान. मॅकेन्झी पार्कमधले प्रेअरी डॉग्जपण बघा, कुत्रे नव्हेत, खारीच्या जातीचे प्राणी, बिळातून माना काढून ओरडतात, तासभर मजेत जातो.

जायचं असेल तर फेब्रुवारीचा मध्य ते मे, तेव्हाच कॉलेजचा सीझन असतो. धुळीसाठी स्कार्फ घ्या. जूनमध्ये कॉलेज वर्ल्ड सिरीज, म्हणजे कॉलेज बेसबॉलची शेवटची मोठी स्पर्धा, नेब्रास्कातल्या ओमाहाला, 1950 पासून तिथेच. टेक्सस टेक 2014, 2016, 2018 आणि 2019 ला तिथे जाऊन आलीय पण अजून जिंकलेली नाही, त्यावर आजोबांसमोर काही बोलू नका.