मामा म्हणजे बाबा

भाची जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलिसीला एमबीबीएस करतेय, परवा दुपारी तिच्याशी व्हिडिओ कॉल चालू होता आणि मागून घरमालकीण आजी नातवाला हाका मारत होत्या, 'बेबो, मोदी! बेबो!' मोदी म्हणजे 'ये', लगेच कान टवकारू नका. पण बेबो म्हणजे चक्क आजी. आजीच नातवाला आजी म्हणतेय! भाची म्हणाली, अरे मामा, इथे असंच, आई लेकराला देदा म्हणते म्हणजे आई, आणि बाप पोराला मामा म्हणतो म्हणजे बाप. हो, जॉर्जियनमध्ये मामा म्हणजे बाप.

आता 'म' म्हटलं की आई असं आपलं पक्कं, जगात बऱ्याच ठिकाणी तसंच आहे, पण कॉकेशसच्या या पट्ट्यात म बापाकडे गेला आणि द आईकडे. जॉर्जियनच्या बहीणभाषा बघा, मिंग्रेलियनमध्ये बाप-आई म्हणजे मुमा-दिदा, स्वानमध्ये मु आणि दि. क्लिमोव्ह नावाच्या रशियन पंडिताने 1964 मध्ये या भाषांचा व्युत्पत्तिकोश काढला, म्हणजे हे सगळं मागे मागे शोधत नेणारे लोकही आहेत. बाळ बिचारं नुसते ओठ मिटून उघडतं, ते आपल्यालाच बोलावतंय असं कुणी आधी ठरवलं एवढाच काय तो प्रश्न.

तसं आम्ही तरी कुठे सरळ होतो. घरात काका लोक आईला वहिनी म्हणायचे म्हणून आम्ही भावंडंही वहिनीच म्हणायचो, गॅदरिंगला वहिनी आलीय असं सांगितल्यावर बाई म्हणाल्या, आणि आई का नाही आली रे? मला काय उत्तर द्यावं कळेना, मी म्हटलं, तीच ती.

स्वान लोक मात्र या बाबतीत भलते काटेकोर. भावाचा भाऊ मुख्वबे, बहिणीचा भाऊ जमिल. बहिणीची बहीण उदिल, भावाची बहीण दाच्विर. म्हणजे एकाच पोराला भाऊ वेगळं म्हणणार, बहीण वेगळं, आणि ते शब्द कानावर पडले की बोलणारा पुरुष का बाई हे न बघता कळणार. जॉर्जियनमध्ये मात्र सरसकट ज्मा, म्हणजे भाऊ, बोलणारं कुणीही असो.

वरच्या स्वानेतीतले, म्हणजे स्वान लोकांच्या डोंगराळ मुलखातले दगडी बुरुज 1996 पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि त्याच युनेस्कोने स्वान भाषा धोक्यातल्या भाषांत धरलीय. शाळा जॉर्जियनमधून, टीव्ही जॉर्जियन, नोकरीला उतरायचं तेही तिबिलिसीला. तिथे भावाला जमिल म्हणून हाक मारली तर आजूबाजूच्या कुणाला कळणार.