सात नंबरच्या आजी

सकाळी सातला ड्युटीवर आले, तेव्हा हँडओव्हरमध्ये, म्हणजे पाळी बदलताना माहिती देतात तेव्हा, कळलं की सात नंबरच्या आजी पहाटे गेल्या. रात्रपाळीच्या नर्सने एका वाक्यात सांगितलं आणि लगेच आठ नंबरच्या आजोबांच्या इन्सुलिनकडे वळली. तिला दोष नाही देत. बारा तास उभी होती ती. दुपारपर्यंत गादी पुसून झाली, चादर बदलली, दारावरची नावाची पट्टी निघाली. दोन दिवसांनी त्या खोलीत दुसऱ्या आजी राहायला आल्या.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की खाजगी छोटं हॉस्पिटल डोळ्यांसमोर येतं. इथे परदेशात तसं नाही. इथे माणसं राहायला येतात, आणि बहुतेक जण शेवटपर्यंत राहतात. आमच्या मजल्यावर सगळ्यांनाच डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. जगात 2021 साली असे 5 कोटी 70 लाख लोक होते आणि दरवर्षी जवळपास 1 कोटींची भर पडते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातल्या 60 ते 70 टक्के लोकांना अल्झायमर असतो. या आजाराबद्दल, घरच्यांच्या ओढाताणीबद्दल आता पुष्कळ लिहिलं जातं. पगार घेऊन दिवसभर त्यांच्याजवळ असणाऱ्यांचं काय होतं, हे मात्र मला तिकडून कुणीच विचारत नाही. फोनवर सगळे म्हणतात, 'पुण्याचं काम करतेस गं.' त्यातली माया पोहोचते. पण आज बाकीचंही सांगते.

आंघोळीपासून सुरुवात करते, कारण मार तिथेच बसतो. एक आजोबा आहेत, एरवी अगदी शांत. पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. गारठलेल्या बाथरूममध्ये दोन अनोळखी बायका आपले कपडे काढतायत आणि का, ते कळत नाही. ते हात उगारणारच. एकदा त्यांनी माझं मनगट असं पिळलं की आठवडाभर काळंनिळं होतं. मला राग नव्हता आला. आली ती लाज, की आपण यांना एवढं घाबरवलं. यावर उपाय आहे. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की अंग झाकलेलं ठेवून, पलंगावरच उबदार ओल्या टॉवेलने एकेक भाग पुसत गेलं, तर माणूस कितीतरी कमी चिडतो. मी करून पाहिलंय, आजोबा डोळे मिटून पडून राहतात. पण त्यासाठी हाताशी वेळ लागतो, आणि दोन जणी रजेवर असल्या की तो नसतो. काय करायला हवं ते माहीत असूनही करता न येणं, याला नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये परिचारिकांबद्दल लिहिताना 'मॉरल डिस्ट्रेस' असं नाव दिलं. मी त्याला घुसमट म्हणते. अंगावरच्या वळापेक्षा ती जास्त दिवस टिकते.

सात नंबरच्या आजींची वेळ दिवेलागणीची. या आजारात बऱ्याच जणांची तगमग संध्याकाळी वाढते. आजी दाराशी येऊन विचारायच्या, 'हे आले का?' यजमानांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी नवीन होते, खोटं बोलायचं नाही म्हणून खरं सांगितलं. त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखा हंबरडा फोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. माझ्या प्रामाणिकपणापायी ती बाई दर संध्याकाळी नव्याने विधवा होत होती. मग मी विचारायला लागले, 'आजी, कसे होते हो ते?' त्या बसायच्या आणि सांगायच्या. शेवटच्या काही महिन्यांत त्यांना यजमानांचं नावही आठवेना. ते आता मला ठाऊक होतं आणि त्यांना नव्हतं.

हे असं पाझरत, सावकाश जाताना बघायचं, आणि एक दिवस माणूसच नाही. रडायचं कुणाकडे? नातेवाईक तर आपण नव्हे. आजींची मुलगी सामान घ्यायला आली, तेव्हा मी बाजूला उभी राहिले, तो तिचा शोक होता. तिनेच विचारलं, 'माझी आठवण काढायची का?' म्हटलं, 'मला तुमच्याच नावाने हाक मारायची.' ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तेवढाच काय तो माझा वाटा. ज्या दुःखावर आपला हक्क कुणी मानत नाही, त्याबद्दल शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये लिहिलंय. ट्रेनिंगमध्ये ते ऐकलं आणि मागच्या बाकावरच्या दोघीजणी माझ्यासारख्याच डोळे पुसताना दिसल्या.

घरी येते तेव्हा धीर सगळा तिकडेच संपलेला असतो. एकच प्रश्न चाळीस वेळा ऐकून चाळीस वेळा हसून उत्तर दिलेलं असतं, आणि आईने फोनवर एक गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली की मी तुटक बोलते. फोन ठेवल्यावर पोटात खड्डा पडतो. रागावले म्हणून, आणि दुसरंही. आई तेच पुन्हा का सांगत होती? आता मी तिचं प्रत्येक वाक्य तोलून ऐकते. तिला अजून हे सांगितलेलं नाही.

अलीकडे आमच्या मजल्यावर एक चांगलं सुरू झालंय. कुणी गेलं की हँडओव्हर पुढे सरकण्याआधी ज्याला वाटेल त्याने त्या माणसाबद्दल काहीतरी सांगायचं. दोन मिनिटंही लागत नाहीत. आजी गेल्या तेव्हा हे नव्हतं. असतं, तर मी सांगितलं असतं की प्रश्न विचारण्याआधी त्या काचेत बघून डाव्या हाताने केस सारखे करायच्या, 'हे' येणार म्हणून.