सोलापुरात पणजीचं नाव शोधताना

आमच्या घरात पणजोबांचं नाव सगळ्यांना पाठ आहे. पणजीचं नाव मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. ‘गिरणीआई’ एवढंच. ते नाव शोधायला मी गेल्या महिन्यात तीन दिवस सोलापूरला जाऊन आले.

पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली की रात्री सोलापूर येतं आणि दुसऱ्या दिवशी तहसील कचेरी उघडताना तुम्ही दारात असता. (१२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरून गाडीला हे नाव मिळालंय.)

पण मी कचेरीत आधी गेले नाही, आत्याकडे गेले. आत्या पंच्याऐंशीची आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढ्यात ठेवून म्हणाली, “नाव कोण विचारतंय गं तेव्हा? रीळखात्यात होती, भोंगा झाला की निघायची, एवढं आठवतंय की.” मग सहज म्हणाली, गाव इथलंच, उत्तर तालुक्यातलं, आणि पणजोबा मानमोडीत गेले. म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत. गाव आणि साल हातात नसेल तर रेकॉर्ड रूममध्ये दिवस वाया जातो, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांपाशी आधी बसा. फोनवर रेकॉर्ड करून ठेवा.

गाव उत्तर सोलापूरचं असल्यानं तहसील शहरातच होतं. अर्जावर गावाचं नाव, अंदाजे सालं आणि ‘गाव नमुना १४, कोतवाल बुक’ असं स्पष्ट लिहा. कोतवाल बुकात गावातले जन्म-मृत्यू असतात. आडनावावर अडून बसू नका, जुन्या नोंदीत ते बहुतेक नसतंच. ‘अमुक बिन तमुक’ म्हणजे तमुकचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे बायको. १९५० च्या आसपासपर्यंतची बरीच बुकं मोडी लिपीत आहेत, तेव्हा मोडी वाचणारा माणूस आधीच ठरवून ठेवा. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी हीच बुकं तपासली गेल्यामुळे असे वाचक आता सापडतात. गाव तुळजापूर, परांडा बाजूचं असेल तर तो मुलूख निजामाचा. तिथे फसली, म्हणजे महसुली साल दिसेल. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतं.

पणजोबांच्या मृत्यूची नोंद मिळाली. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘ताप’. त्या पानावर वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप. मी बराच वेळ ते पान उलटू शकले नाही. आजोबांच्या जन्माची नोंदही निघाली, पण त्यात बापाचं नाव आणि ‘मुलगा’ एवढंच. आईचा रकानाच नव्हता. जन्माच्या नोंदीत आई सापडेल या आशेवर मी इतके दिवस होते.

ती सापडली जमिनीच्या कागदात. गाव नमुना ६, म्हणजे फेरफार. पणजोबा गेल्यावर पुढच्या वर्षी दोन एकरांची वारस नोंद झाली होती. दोन्ही मुलं अज्ञान, म्हणजे वयानं लहान, म्हणून त्यांच्या नावांपुढे ‘अ.पा.क. आई’ आणि तिचं नाव. अज्ञान पालनकर्ती. मोडीची ती सलग, तुटक न होणारी ओळ वाचून दाखवणाऱ्या काकांनी बोट ठेवलं ते नेमकं त्या नावावर. खाली निशाणी अंगठ्याची, शाई थोडी फाकलेली. सोलापुरात आपलं माणूस लहान मुलं ठेवून गेलं असेल, तर वारसाचा फेरफार आधी मागा. बायकांची नावं बऱ्याचदा तिथे टिकली आहेत.

नाव मी इथे लिहीत नाही, घरातल्या सगळ्यांना अजून सांगून झालेलं नाही.

एका कचेरीत पुढच्या काही वर्षांची बुकं वाळवीनं खाल्लेली निघाली, त्यामुळे जमीन कधी विकली ते कळलं नाही. आजोबांच्या शाळेचं दाखलखारीज (शाळेत आले-गेल्याच्या नोंदींचं) रजिस्टरही बघायचं राहिलं. गिरणीचा कागद मात्र मला एकही मिळाला नाही. १८७७ ची जुनी गिरणी कधीच बंद झाली, आणि पणजी तिथे होती की दुसऱ्या गिरणीत, हेही आत्याला नीट आठवत नाही. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकर घरांचा शोध तर पुढे तेलंगणात जातो, तो रस्ता वेगळा.

संध्याकाळी आत्याला नाव सांगितलं. ती म्हणाली, “परत सांग.” मी सांगितलं. “परत.”

आता तिला गावी घेऊन जायचंय. दिवाळीनंतर लगेच, कारण एप्रिल-मेचं ऊन तिला झेपणार नाही आणि संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत राहायला जागा मिळणं कठीण.