खेळणं की मॉडेल? एका जीपचे एकवीस दिवस

माझं लातूरला औषधांचं दुकान आहे. पार्सलं उतरवायची, बिलं ताडून बघायची, एक्स्पायरी तपासायची, यात वीस वर्षं गेली. त्यामुळे कागदपत्रांत आपल्याला कोणी अडकवेल असं वाटलं नव्हतं. तळहातावर मावणाऱ्या प्लॅस्टिकच्या जीपने अडकवलं.

माझं आजोळ नळदुर्गचं. आईचे काका, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, 1948 साली अकरा वर्षांचे होते. 13 सप्टेंबरला सोलापूरकडून फौज निजामाच्या हद्दीत शिरली ती नळदुर्गवरूनच. रणगाड्यांचं अण्णांना फारसं काही नाही, त्यांच्या डोक्यात बसली ती जीप. "दार न्हाई, छप्पर न्हाई, आन् पळती कशी बग!" दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनाला हे ऐकतो. यंदा ठरवलं, 17 सप्टेंबरला ती जीप करून अण्णांच्या हातात द्यायची. महायुद्धातली अमेरिकन विलिस जीप, 1/35 मापाची, म्हणजे मूळच्या पस्तिसाव्या भागाएवढी. जुलैच्या शेवटी परदेशातल्या एका दुकानातून सुटे भाग जोडून मॉडेल करायचं किट मागवलं. दीड महिना हातात होता. भरपूर झाला म्हटलं.

पार्सल पाच दिवसांत मुंबईत पोचलं आणि तिथेच बसलं. ट्रॅकिंगवर रोज एकच ओळ, 'क्लिअरन्स डिले'. कुरिअर कंपनीचं नाव घेत नाही, उद्या परत तिच्याच दारात जायचंय.

आधी केवायसी. आधार अपलोड केलं, नामंजूर. का, तर पार्सलवर माझं नाव आणि आडनाव, आधारवर मधे वडिलांचं नाव. म्हणजे दोन वेगळी माणसं! पॅन जोडलं, एक साधं पत्र जोडलं, तीन दिवस गेले.

मग फोन आला. "सर, बिलावर मिलिटरी व्हेइकल लिहिलंय. एंड यूज काय आहे?"

"टीव्हीशेजारी ठेवणार."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग, "सर, हे लेटरहेडवर लिहून द्या."

माझ्याकडे लेटरहेड एकच, दुकानाचं. त्यावर लिहिलं, 'सदर लष्करी वाहन प्लॅस्टिकचे असून त्याची लांबी अंदाजे 96 मिलिमीटर आहे. त्यास इंजिन, बॅटरी अथवा इंधन नाही.' सही, शिक्का, फोटो काढून पाठवला. दोन दिवसांनी उत्तर, लेटरहेडवर जीएसटी नंबर आहे, म्हणजे हा माल व्यापारासाठी, तर आयात-निर्यातीचा आयईसी कोड द्या. त्या दिवशी काउंटरवर एका बिचाऱ्या गिऱ्हाइकावर उगाच ओरडलो. पॅरासिटमॉल मागत होतं ते. रात्री तेच पत्र कोऱ्या कागदावर पुन्हा लिहिलं.

तर लक्षात ठेवा, लेटरहेड मागितलं तरी कोऱ्या कागदावरच द्या.

एवढ्यात बारा दिवस झाले होते. मग खरा खोडा आला. हे खेळणं आहे, तर आयएसआय मार्कचं सर्टिफिकेट कुठाय? 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना तो मार्क सक्तीचा आहे, हे बरोबर. पण मी तो आदेश शोधून वाचला. औषधाच्या धंद्यात राहिल्याने बारीक अक्षर वाचायची सवय आहे. त्यात खेळणं म्हणजे 14 वर्षांखालच्या मुलांनी खेळण्यासाठी बनवलेली वस्तू. माझं किट 14 आणि त्यावरच्यांसाठी, तसं खोक्याच्या बाजूला छापलेलं असतं. कळवलं. उत्तर आलं, खोक्याच्या त्या बाजूचा फोटो पाठवा.

अहो, खोकं तुमच्याकडे आहे!

हे मी फोनवर चार वेळा, चार वेगळ्या माणसांना समजावलं. प्रत्येकजण "बरोबर आहे सर" म्हणायचा आणि पुन्हा फोटोच मागायचा. शेवटी विकणाऱ्याला मेल केला. त्याने त्याच्या दुकानातलं दुसरं खोकं आडवं धरून फोटो काढला आणि तासाभरात पाठवला. इकडून निरोप, पीडीएफमध्ये द्या. दिलं. एकविसाव्या दिवशी पार्सल सुटलं. ड्युटी, हाताळणी, गोदामाचं भाडं धरून 2,100 रुपयांचं किट चार हजारांच्या पुढे गेलं. ड्युटीच्या हिशेबात मात्र मॉडेलही खेळण्यांतच धरतात, आणि खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020 साली 20 टक्क्यांची 60 झाली, 2023 साली 70. आमच्या छंदाला लागलेलं हे ग्रहण. तेव्हा मागवतानाच विकणाऱ्याला सांगा, बिलावर 'प्लॅस्टिक स्केल मॉडेल किट, न जोडलेले, वय 14 च्या वर' असं पूर्ण लिही. आणि खोक्याचा चारही बाजूंनी फोटो आधीच घेऊन ठेवा. रंग आणि थिनर त्याच पार्सलमध्ये मागवू नका, ज्वलनशील माल विमानाने पाठवताना पुन्हा वेगळी कटकट.

जोडणी पाच रात्रींत झाली. हत्यारं सगळी दुकानातलीच. तीन नंबरच्या हँडलला अकरा नंबरचं सर्जिकल ब्लेड, गोंदाचा थेंब सोडायला बारीक सुईची सिरिंज. डॅशबोर्डवरच्या घड्याळांचे डिकल, म्हणजे पातळ छापील चित्रं, पाण्यात भिजवून सरकवून बसवायचे असतात. पहिल्यांदा बोअरचं पाणी घेतलं, वाळल्यावर भोवती पांढरी कड धरली, हंड्याच्या तळाला धरते तशी. मग इंजेक्शनचं डिस्टिल्ड पाणी वापरलं, काचेसारखं बसलं.

1/35 हे माप इतकं विचित्र का, असं बायकोने विचारलं. टामिया कंपनीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं, त्यात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात एवढा तो केला. माप नंतर मोजलं, ते साधारण पस्तिसावा भाग निघालं. "म्हणजे आधी सेल, मग रणगाडा," ती म्हणाली.

गॅरेजवाल्या मित्राने जाळी मोजून सांगितलं, चुकलीय, जीपला सात फटी असतात. सात नंतरच्या नागरी जीपला, युद्धातल्या विलिसला नऊच. किटमधला अमेरिकन लष्कराचा पांढरा तारा मात्र मी मुद्दाम लावला नाही, अण्णांनी बघितलेली जीप आपल्या फौजेची होती.

सतरा तारखेला झेंडावंदन उरकून नळदुर्गला गेलो. अण्णांनी चष्मा पुसून जीप नाकाजवळ धरली. बराच वेळ बघून म्हणाले, "आरं, ह्याचं स्टेरिंग डावीकडं कसं?"

"अण्णा, सगळ्याच तशा होत्या. अमेरिकेच्या ना."

"आसंल. आमी पोरं डायवरचं तोंड बगत हुतो, स्टेरिंग कोन बगतंय!"

एक सांगायचं राहिलंच. रंग देण्याआधी सुटे भाग साबणाच्या पाण्यात धुवा, साच्याचं तेल त्यांना लागलेलं असतं. मी घाईत धुतले नाहीत. मागच्या बाजूला, डावीकडे, पोपडा निघालाय. तिथेच जेरीकॅन, म्हणजे पेट्रोलचा डबा, येतो, म्हणून अजून अण्णांना दिसलेला नाही.