कवेलू फेरायच्या दिवसांत: वर्धा ते कारंजा, जुन्या हत्यारांच्या मागे

विदर्भात जुनं हत्यार घराबाहेर पडतं ते उन्हाळ्यात. पावसाआधी कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फेरायला घेतले की माळ्यावरचा सगळा पसारा खाली येतो आणि अंगणात ढीग लागतो. भंगारवाल्याची हाळी येईपर्यंत तो ढीग तिथंच पडून असतो. आपल्याला मिळते ती एवढीच मुदत. एकदा माल गोदामात गेला की तो किलोचा होतो आणि ट्रक भरला की जालन्याच्या भट्ट्यांकडे निघतो. म्हणून ऊन कितीही असो, जायचं ते मे महिन्यातच. दिवाळीनंतर हवा छान असते, पण तेव्हा कापूस वेचणीची धावपळ असते आणि माळे बंद असतात.

रस्ता साधा: वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ, दारव्हा, कारंजा. मी आणि एक मित्र, मोटारसायकल, मागे दोन रिकामी पोती. पहाटे निघायचं, अकरापर्यंत फिरायचं, मग चारपर्यंत कुठंतरी सावलीत पडून राहायचं. दुपारी उन्हात पडलेलं लोखंड हातात धरवत नाही. जाड हातमोजे घ्या, तेवढाच जुन्या पत्र्याच्या कडांपासूनही बचाव.

सुरुवात वर्ध्याच्या मगन संग्रहालयापासून करा. ग्रामोद्योगांची ही जागा १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडली. कारागिरांची साधनं तिथं शांतपणे पाहता येतात. हे आधी केलं की पुढं ढिगात गंजलेला दांडा दिसला तरी तो कशाचा असावा याचा अंदाज येतो. वेळ नाही म्हणून हे गाळणाऱ्यांनी नंतर भलत्याच वस्तूंना पैसे मोजलेले मी पाहिले आहेत.

आठवडी बाजाराचा वार गावागणिक बदलतो. आदल्या दिवशी पानठेल्यावर विचारलं की आसपासच्या चार गावांचे वार कळतात. बाजारात भाजीच्या रांगा सोडून थेट कडेला जा. तिथं लोहार विळे, खुरपी, कुऱ्हाडी मांडून बसलेले असतात आणि त्यांच्या पाठीमागच्या पोत्यात जुनं पोलाद असतं: ट्रकच्या कमानीचे पाटे, झिजलेल्या कानसी, मोडक्या पटाशा. तो त्यांचा कच्चा माल. जुन्या कानशीचं पुढं खुरपं होतं. त्या पोत्यात हात घालायची परवानगी मागा, बहुतेक जण देतात. आम्हाला त्यातून एक किकरं, म्हणजे खाचा पाडायची पटाशी, मिळालं, अस्सल पोलादाचं, फक्त मूठ नव्हती. त्याच्या बदल्यात लोहारानं पैसे घेतले नाहीत, तेवढ्याच वजनाचं दुसरं लोखंड मागितलं. मला हा व्यवहार एकदम पटला.

कळंबच्या अलीकडे एका गावात बंड्या, म्हणजे बैलगाड्या, बनवणाऱ्या म्हाताऱ्या वाढईबाबांकडे (वाढई म्हणजे सुतार) थांबलो. कोठ्याच्या (गोठ्याच्या) भिंतीला त्यांची हत्यारं टांगलेली: लाकूड तासायचा वाकस, पटाशा, लाकडी रंधे, सामता. सामता म्हणजे धनुकलीची दोरी गुंडाळून मागं-पुढं फिरवायचा गिरमिट. बाबांनी तो बाभळीच्या तुकड्यावर चालवून दाखवला. भोक इतकं स्वच्छ पडलं की मित्रानं त्यात बोट घालून पाहिलं. विकणार का, असं विचारायच्या आतच उत्तर आलं, "हे इकाचं नाही भाऊ. नवमीले पूजतो आमी."

खंडेनवमीला पुजलेलं हत्यार मागू नये, एवढं समजायला हवं. चालत्या कारागिराच्या हातातलंही नाही. पण बसून बोललं की बाबा स्वतःच उठले आणि मागच्या पडवीतून मोठा आरा घेऊन आले. आरामशीन आल्यापासून तो पडूनच होता. एक जण ओंडक्यावर उभा, एक जण खाली, असं दोघांनी ओढायचा. "वरचा रेघ पाहे, खालच्याच्या डोळ्यात भुसा जाये," म्हणाले. आपण कुठं उभे राहत होता, असं विचारल्यावर हसले फक्त. आरा त्यांनी सहाशे रुपयांना दिला, आणि कुठल्या बाजूनं धार लावायची हेही समजावलं. पहिला प्रश्न भावाचा नको. 'यानं काय करत होते?' हा असू द्या. भाव नंतर आपोआप निघतो, आणि माहितीही सोबत येते, जी भंगाराच्या काट्यावर कुठंच मिळत नाही.

यवतमाळ ओलांडलं की कापसाचा जुना मुलूख लागतो आणि मालाची जातच बदलते. बंद पडलेल्या जिनिंग-प्रेसिंगच्या वर्कशॉपमधलं सामान गोदामांत येऊन पडलेलं असतं. इथं पान्हे भरपूर आणि बहुतेक विलायती. त्यांच्यावर ३/८ आणि पुढं डब्ल्यू असं कोरलेलं दिसलं तर तो व्हिटवर्थचा पान्हा. इंग्रज इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये बोल्टच्या आट्यांचं माप ठरवलं, आणि त्या पद्धतीत पान्ह्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्ह्याच्या तोंडाचा नाही. त्यामुळं ३/८ डब्ल्यूचं तोंड सुमारे १८ मिलिमीटर भरतं, १/२ डब्ल्यूचं २३ पेक्षा थोडं जास्त. आजच्या बोल्टांना यांतले बरेचसे नीट बसत नाहीत. घरी जुनं ऑइल इंजिन किंवा जुनी इंग्रजी मोटारसायकल असेल तर सगळे उचला. नसेल तर दिसायला देखणे म्हणून एक-दोन पुरे. मित्रानं मात्र अख्खी पिशवी भरली.

त्याच गोदामात ५ नंबरचा लोखंडी रंधा होता, शेफिल्डच्या 'रेकॉर्ड'चा. मालक म्हणाला, शंभर वर्षांच्या वरचा. त्या कंपनीचे असे रंधे १९३१ मध्ये बाजारात आले, तेव्हा वयाचे जास्तीचे पैसे द्यायचं कारण नव्हतं. तो काट्यावर ३५ रुपये किलोनं लोखंड घेत होता, रंध्याचे हजार सांगितले, चारशेवर तुटलं.

असा रंधा घेताना तोंडाजवळ चीर आहे का ते आधी बघा. दोरीला टांगून नाण्यानं टिचकी मारली तर धड लोखंड खणखणतं, चिरलेलं भद्द वाजतं. पातं किती उरलंय ते पाहा. गावच्या लोहारानं घडवलेल्या पटाशीला बऱ्याचदा पोलाद फक्त टोकाला असतं. तेवढं घासून संपलं असेल तर मागं उरतो तो मऊ लोखंडाचा तुकडा. खिशात लहान कानस ठेवा. धारेवरून कानस घसरली तर पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, शाबूत आहे, चावली तर उतरलंय. पटाशीची पाठ, म्हणजे सपाट बाजू, गंजानं खड्डे पडलेली असेल तर सोडून द्या, बाकी कितीही देखणी असो. करवत वाकवून सोडली की सरळ व्हायला हवी. मूठ मोडलेली असणं हा दोष नाही. धावड्याचा किंवा बाभळीचा दांडा वाढई तासाभरात बसवून देतो.

दारव्ह्याकडं वेगळी काळजी घ्यायची. यवतमाळ-मूर्तिजापूर या छोट्या लाइनवरची शकुंतला रेल्वे इथूनच धावायची, आणि जी.आय.पी. (जुनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) असं कोरलेले हातोडे, पहारी अधूनमधून दिसतात. मोह होतो. पण रेल्वेच्या मालाबाबत १९६६ चा कायदा कडक आहे: चोरीचा असल्याचा वाजवी संशय आला तर तो रीतसर मिळवल्याचं आपल्याला सिद्ध करावं लागतं. आम्हाला दाखवलेल्या हातोड्याची पावती द्यायला विक्रेता तयार नव्हता. हातोडा सुरेख होता. ठेवला तिथंच.

घरी आल्यावर पहिलं काम गंजाचं. ग्राइंडरवर धरू नका. धार निळी पडली की पाणी गेलंच म्हणून समजा. बादलीतल्या पाण्यात धुण्याचा सोडा, जुना बॅटरी चार्जर, हत्यार ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला, रात्रभर उघड्यावर. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बंद खोलीतही नको, हायड्रोजन सुटतो. लाकडी मुठींना जवसाचं तेल द्या, विदर्भात ते अजून घाणीवर मिळतं. तेल पुसलेला बोळा मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका; तो आपोआप तापून पेट घेतो, आणि आपल्या मेमध्ये त्याला फारसं निमित्तही लागत नाही. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग फेका.

परतीचा दिवस शनिवार येणार नाही असं बघा. शनिवारी लोखंड घरात आणू नये, ही समजूत खेड्यापाड्यांत अजून पक्की आहे, आणि काही घरं त्या दिवशी विकायलाही तयार होत नाहीत. आमचा नेमका शनिवार आला. मित्राच्या आईनं दारातूनच पोती परत पाठवली; आरा, रंधा, पान्हे सगळं त्या रात्री शेजाऱ्यांच्या कोठ्यात राहिलं आणि रविवारी सकाळी चहा झाल्यावर घरात घेतलं गेलं.