तिहुआनात नाणी शोधायला जायचंय? आधी हे वाचा

सुरुवातीलाच सांगून टाकतो, तिहुआनाला, म्हणजे अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या मेक्सिकोतल्या शहरात, आठ रेआलचं (रेआल म्हणजे पेसोच्या आधीचं स्पॅनिश चलन) जुनं चांदीचं नाणं मिळवायला जाणार असाल तर जाऊ नका. मिळेल, नक्की मिळेल, आव्हेनिदा रेव्होलुसिओनवर, म्हणजे तिथल्या पर्यटकांच्या मुख्य रस्त्यावर, दहा पावलांवर एक माणूस खिशातून काढून दाखवेल, आणि ते खोटं असेल. तिथे जायचं ते साध्या चिल्लरसाठी. गेल्या शंभर वर्षांत मेक्सिकोने इतक्या वेळा नाणी बदललीत, चांदी कमी केली, शून्यं वाढवली, मग शून्यं उडवली, की ती चिल्लरच खरा खजिना आहे आणि तिच्यावर कोणी फसवायच्या फंदात पडत नाही कारण त्यात कमाईच नाही.

जायचं सोपं आहे. सॅन दिएगोतून ट्रॉलीची ब्लू लाइन, शेवटचं स्टेशन सॅन इसिद्रो, तिथून चालत पलीकडे. गाडी नेऊ नका, परत येताना गाड्यांची रांग बघून जीव जातो आणि मेक्सिकोचा वेगळा इन्शुरन्स काढावा लागतो ते वेगळंच. पलीकडे गेलं की उबर चालते, नाहीतर नदीवरचा पूल ओलांडून त्या मोठ्या कमानीच्या दिशेने चालत राहिलं की अर्ध्या तासाच्या आत रेव्होलुसिओन. तो रस्ता बघायला ठीक आहे, फोटो काढा, पण तिथे नाण्यांवर पैसे खर्च करू नका. की-चेनमध्ये अडकवलेले पेसो आणि सोन्याचा मुलामा दिलेले "सेंतेनारिओ" एवढंच मिळतं. खऱ्या सेंतेनारिओत, म्हणजे 1921 मध्ये सुरू झालेल्या 50 पेसोच्या सोन्याच्या नाण्यात, 37.5 ग्रॅम शुद्ध सोनं असतं, ते कोणी फूटपाथवर विकत नाही हो.

नाणी मिळतात ती दोन ठिकाणी. एक म्हणजे सोब्रेर्रुएदास, तिहुआनातले आठवडी बाजार, वेगवेगळ्या कोलोनियात (वस्त्यांत) वेगवेगळ्या दिवशी रस्ता अडवून भरतात. पुण्याचा जुना बाजार डोळ्यासमोर आणा, तसंच, चादरीवर पाने-पक्कड, जुने मोबाइल, बाहुल्या आणि मध्येच एका डब्यात नाणी. कुठल्या दिवशी कुठे ते टॅक्सीवाल्याला किंवा जिथे नाश्ता कराल तिथे विचारा, सकाळी लवकर जा, दुपारनंतर डब्यातला माल चाळून झालेला असतो. दुसरं म्हणजे मध्यवस्तीतली घड्याळं-दागिन्यांची छोटी दुकानं आणि गहाणाची दुकानं. तिथे दुकानदाराला चांदीचा भाव तोंडपाठ असतो त्यामुळे लॉटरी लागायची नाही, पण माल बहुतेक वेळा खरा असतो.

स्पॅनिश येत नसेल तरी चालतं. "तिएने मोनेदास आंतीग्वास?" एवढं म्हटलं की डबा बाहेर येतो. मग "क्वांतो?" आणि भाव ऐकून थोडं गप्प बसून "लो मेनोस?" बस्स. घासाघीस आपल्याला कोणी शिकवायला नको. पण पैसे पेसोत द्या, डॉलर सगळे घेतात पण मनाला येईल तो रेट लावतात. आणि सुट्टे ठेवा, छोट्या नाण्यासाठी 500 ची नोट पुढे केली की घासाघीस तिथेच संपली.

आता काय घ्यायचं. माझ्या मते पहिला नंबर 1992 ते 1995 मधल्या नुएव्हो पेसोच्या नाण्यांचा. 1 जानेवारी 1993 ला मेक्सिकोने हजार जुन्या पेसोंचा एक नवा पेसो केला, आणि त्या वेळी 10, 20 आणि 50 ची जी दोन धातूंची नाणी काढली त्यांचा मधला गोल भाग चक्क 92.5 टक्के चांदीचा आहे. चलनातल्या नाण्यात चांदी, नव्वदच्या दशकात! 10 च्या नाण्यात औंसाचा सहावा भाग, 20 मध्ये पाव औंस, 50 मध्ये अर्धा. ओळखायचं कसं तर आकड्याच्या आधी N$ लिहिलेलं हवं, नंतरच्या 10 पेसोवर नुसतं $ आहे आणि त्यात चांदी नाही. डिझाइन जवळपास तेच, तीच अझ्टेक सूर्यशिला, त्यामुळे डब्यात दोन्ही मिसळलेली असतात आणि विकणारा बरेचदा बघतही नाही. पण कधीकधी बघतो. बघणारा भेटला तर चांदीच्या हिशोबाने द्यायला काहीच हरकत नाही, तो त्याचा धंदा आहे.

दुसरं, 1968 च्या ऑलिम्पिकचे 25 पेसो. पेलोटा (चेंडूचा खेळ) खेळणारा अझ्टेक खेळाडू आणि खाली ऑलिम्पिकच्या कड्या, 22.5 ग्रॅम, 72 टक्के चांदी, म्हणजे साधारण 16.2 ग्रॅम शुद्ध. विकणारा "मुय रारा" (फार दुर्मिळ) म्हणेल. काही रारा नाही, 2 कोटी 70 लाखांच्या आसपास काढली होती. मोडीच्या भावाच्या जरा वर घ्यायला ठीक. मात्र भिंग लावून नीट बघा, मधली कडी बाकीच्यांपेक्षा खाली सरकलेली असेल किंवा सापाची जीभ लांब असेल तर ते कमी मिळणारे प्रकार आहेत आणि बाजारातला माणूस सगळे एकाच भावाने देतो.

चांदीच्या बाबतीत वर्ष बघितल्याशिवाय एक पेसोला हात लावू नका. 1920 ते 1945 चा पेसो 72 टक्के, 1947 ते 49 चा 50 टक्के, 1950 चा 30, आणि 1957 ते 67 चा मोरेलोसचं (स्वातंत्र्यलढ्यातला नेता) चित्र असलेला मोठा दिसणारा पेसो फक्त 10 टक्के. 16 ग्रॅमच्या नाण्यात 1.6 ग्रॅम चांदी! पण चादरीवर सगळ्यांचं नाव "प्लाता", म्हणजे चांदी. खोटं नाही म्हणा, आहे ना चांदी थोडी. फोनवर त्या दिवसाचा ग्रॅमचा भाव काढा, वजन गुणिले टक्के करा, मगच तोंड उघडा.

पोरं बरोबर असतील तर त्यांना 20 सेंताव्होची (सेंताव्हो म्हणजे पेसोचा शंभरावा भाग) तांब्यासारखी मोठी नाणी घेऊन द्या, 1943 ते 1974 मधली, तेओतिहुआकानचा सूर्याचा पिरॅमिड, मागे दोन ज्वालामुखी, पुढे निवडुंग. चिल्लरमधलं इतकं सुंदर नाणं माझ्या बघण्यात कमी आहे आणि मूठभर घेतली तरी खिसा हलका होत नाही. तशीच ऐंशीच्या दशकातली महागाईची नाणी, कारान्साचे (क्रांतीतला नेता) 100 पेसो, सोर हुआनाचे (जोगीण कवयित्री) 1000, आणि 1988 चं चक्क 5000 पेसोचं नाणं. 93 नंतर त्या 5000 चे पाच झाले. महागाई म्हणजे काय ते पोराला समजवायला यापेक्षा सोपं साधन नाही. आणि कॉफी पिऊन सुट्टे परत आले की 5 पेसो उलटून बघा, 2008 ते 2010 मध्ये स्वातंत्र्याची 200 आणि क्रांतीची 100 वर्षं म्हणून 37 वेगवेगळी काढली होती. 20 चं बारा कोनी नाणं तर हमखास हातात येतं.

आता खोट्यांबद्दल, कारण कितीही सांगितलं तरी आठ रेआल दिसला की हात शिवशिवतोच. मोह समजू शकतो, 1857 पर्यंत हे नाणं अमेरिकेत कायदेशीर चलन होतं, चीनच्या सराफांनी त्यावर आपले ठसे मारले, आणि आपल्याकडेही मेक्सिकन डॉलर चांदी म्हणून येऊन टांकसाळीत वितळून त्याचे रुपये झाले. पण म्हणूनच त्याच्या नकला सगळ्यात जास्त. खिशात मावणारा वजनकाटा आणि चुंबक न्या. खरं नाणं साधारण 27 ग्रॅमचं, 39 मिलिमीटरच्या आसपास, झिजलेलं असेल तर थोडं कमी. 21-22 ग्रॅम भरलं की विषय संपला. चुंबकाला चिकटलं तर आभार मानून पुढे व्हा. वजन बरोबर भरलं तरी अक्षरं फुगीर, साबणासारखी गुळगुळीत वाटली तर ओतीव नक्कल समजा. क्रांतीच्या काळातला 1914 चा "मुएरा उएर्ता" (उएर्ता मरो, म्हणजे तेव्हाचा हुकूमशहा) पेसो तर बाजारात खरा मिळेल ही आशाच सोडा. ही नाणी हवीच असतील तर अमेरिकेतल्या डीलरकडून सर्टिफाय केलेलं, डबीत सील केलेलं घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आणि कोणी कोपऱ्यात नेऊन "पुरातन" मातीच्या मूर्ती दाखवायला लागला तर सरळ निघा, खऱ्या असतील तर देशाबाहेर नेणं गुन्हा, खोट्या असतील तर कशाला घ्यायच्या.

नवीन लिबेर्ताद हवं असेल तर (मेक्सिकोचं चांदीचं नाणं, 1982 पासून निघतं, एक औंस, त्यावर किंमत छापलेलीच नसते) बांको अस्तेका या बँकेच्या शाखेत विचारा, स्टॉक असेल तर देतात.

घेतलेली नाणी घासू नका, लिंबू, चिंच, पितांबरी काही नाही. तांब्याच्या 20 सेंताव्होला पितांबरी लावली की त्याची किंमत तिथेच गेली.

खायचं बघायला गेलं तर शाकाहारी लोकांनी "सिन कार्ने" (मांस नको) बरोबर "सिन मान्तेका" (चरबी नको) पण म्हणावं, राजम्यात डुकराची चरबी असते बरेचदा. कणसाचे एस्कितेस मिळाले तर सोडू नका.

परतीची पायी रांग शनिवार-रविवार संध्याकाळी फार वाढते, दुपारी लवकर निघा. अधिकाऱ्याने काय आणलं विचारलं की "जुनी नाणी, एवढ्या किमतीची" असं सरळ सांगा, दुकानातून घेतली असतील तर पावती वर ठेवा. रोख आणि चलनी नाणी मिळून 10,000 डॉलरच्या वर असतील तर फॉर्म भरावा लागतो, पण आपल्या डब्यातल्या खरेदीला तो प्रश्न येत नाही. भारतीय पासपोर्टवर चालू अमेरिकन व्हिसा किंवा ग्रीन कार्ड असेल तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, पासपोर्ट मात्र मूळ हवा, फोनमधला फोटो नाही. एच-वन-बी वाल्यांनी आय-797 (मंजुरीची नोटीस) आणि आय-94 (प्रवेशाची नोंद) ची प्रिंट सोबत ठेवा, आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा स्टॅम्प संपलेला असेल तर आधी वकिलाला विचारा, चिल्लरसाठी स्टेटस पणाला लावायचं काही कारण नाही.